धर्मग्रामात सेवा करायची आहे? सुरुवात आळीतून करा

"चर्चसाठी काहीतरी करायचंय, पण नेमकं भेटायचं कुणाला?" धर्मग्रामात, म्हणजे एका कॅथोलिक चर्चच्या हद्दीत (पॅरिशमध्ये), नव्याने राहायला आलेल्या माणसांकडून हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार या पट्ट्यात मुंबईहून कुटुंबं येतच असतात. कुणी अहिल्यानगरकडून येतं, कुणी मंगळूर, केरळहून. जुन्या गावात फादर तुमच्या आजोबांनाही नावाने ओळखत असतात. इथे मात्र मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपली की गर्दी पाच मिनिटांत पांगते आणि नवखा माणूस पायरीवर उभा राहतो.

मी वसई धर्मप्रांतातली (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचे सगळे धर्मग्राम). आमचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. इथली मुख्य भाषा मराठी, त्यामुळे पुढची नावं आणि पद्धती वसईच्या आहेत. पुणे, नाशिक किंवा मुंबईतल्या धर्मग्रामात तपशील बदलेल, क्रम फारसा बदलणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. वेदीजवळच्या कामापासून सुरुवात करू नका. आधी आपल्या आळीतल्या किंवा इमारतीतल्या घरांना तुमची ओळख होऊ द्या. मग एकच काम घ्या आणि ते आगमनकाळ (ख्रिसमसआधीचे चार आठवडे) ते आगमनकाळ, म्हणजे एक पूर्ण उपासना वर्ष, निभवा.

१. धर्मग्रामात नाव नोंदवा

तुमचा धर्मग्राम कुठला, हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं, कुठली मिस्सा आवडते त्यावर नाही. हमरस्त्याच्या अलीकडची इमारत एका चर्चकडे आणि पलीकडची दुसऱ्याकडे, असंही असतं. म्हणून आधी पॅरिश ऑफिसात जाऊन हद्द विचारून घ्या. रविवारी मिस्सेनंतर ऑफिसात झुंबड असते, तेव्हा आठवड्यातल्या दिवशी ऑफिसची वेळ बघून जा.

सोबत काय न्यायचं:

- घरातल्या प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याचा दाखला
- लग्न झालं असेल तर चर्चमधल्या लग्नाचा दाखला
- आधीच्या धर्मग्रामाचं कुटुंबपत्रक किंवा तिथल्या फादरांची चिठ्ठी (असल्यास)
- पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार चालतो
- चालू मोबाइल नंबर

इथे एक घोटाळा हमखास होतो. लोकांना वाटतं, नव्या ठिकाणी नाव लावलं की बाप्तिस्म्याची नोंदही इकडे येते. तसं नाही. ती नोंद ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्याच वहीत कायम राहते, आणि पुढे दृढीकरण, लग्न यांची नोंद त्याच पानावर समासात होते. म्हणून दाखला मागवताना समासातल्या नोंदींसह ताजी प्रत मागवा. तीस वर्षांपूर्वीचा लॅमिनेट केलेला दाखला देव्हाऱ्यात शोभतो, ऑफिसात अडतो.

२. छोट्या समूहाच्या बैठकीला जा

ही पायरी लोक गाळतात आणि मग वर्षभर म्हणतात, "आम्हाला कुणी विचारतच नाही." धर्मग्राम साधारण वीस-चाळीस घरांच्या छोट्या ख्रिस्ती समूहांत वाटलेला असतो. समूहाचा एक प्रमुख असतो आणि बैठक आळीपाळीने घरोघरी होते. बायबलमधला उतारा वाचतात, त्यावर थोडं बोलतात, प्रार्थना होते, आणि शेवटी आळीतली खबरबात निघते. ही खबरबातच तुमच्या कामाची. कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाच्या मुलाची नोकरी गेली, कोणती म्हातारी चार महिन्यांत मिस्सेला आलेली नाही, हे पॅरिश ऑफिसला कळायच्या आधी इथे कळतं.

पहिल्या बैठकांना गेलात की ऐका. जुन्या वसईकरांच्या घरी बोलणं कादोडी नाहीतर वाडवळी या इथल्या बोलीत सुरू होतं आणि बाहेरच्याला ओ की ठो कळत नाही. मुद्दाम कुणी तसं करत नाही. "मराठीत सांगा ना" म्हटलं की लगेच मराठीत येतात. स्टेशनजवळच्या धर्मग्रामांत उलटी तऱ्हा असते. तिथे इंग्रजी, कोकणी, मल्याळम आणि हिंदी एकाच खोलीत चालतात. अशा ठिकाणी तुम्ही मराठीतला उतारा नीट वाचू शकता, एवढंच सांगितलंत तरी पुढच्या बैठकीचं वाचन तुमच्या गळ्यात पडेल.

मे महिन्यात रस्त्याकडेच्या क्रुसांजवळ होणाऱ्या प्रार्थना आणि ऑक्टोबरातली घरोघरची जपमाळ, ही ओळख व्हायची सगळ्यात सोपी ठिकाणं. खुर्च्या लावायला नाहीतर झाडायला पुढे व्हा.

३. परवानगी कुठे लागते, कुठे नाही

शेजारच्या आजींना दवाखान्यात न्यायला फादरांची परवानगी लागत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६५ सालच्या प्रापंचिकांविषयीच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांविषयीच्या, दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं आहे की प्रापंचिकांच्या सेवाकार्याचा हक्क आणि कर्तव्य त्यांच्या बाप्तिस्म्यातून येतं. म्हणजे कुणी नेमण्याची वाट बघायची नाही.

पण धर्मग्रामाच्या नावाने काही करायचं असेल, तर प्रमुख धर्मगुरूंना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. वर्गणी गोळा करणं, चर्चचा हॉल वापरणं, मुलांचं शिबिर घेणं, वेदीवर वाचन करणं, आजाऱ्यांकडे ख्रिस्तशरीर (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) नेणं, "अमुक चर्चचा ग्रुप" म्हणून व्हॉट्सॲप चालवणं, हे सगळं त्यात आलं. शेवटच्या गोष्टीवरून किती वादंग होतात, ते वसईत राहिल्यावर कळेलच.

४. एकच काम निवडा

सगळ्यांत भाग घ्यायचा उत्साह पहिल्या तीन महिन्यांचा असतो. पाम संडेपर्यंत (ईस्टरच्या आदल्या रविवारपर्यंत) गायनवृंद, सजावट, युवक मंडळ आणि धर्मशिक्षण यांत नाव असलेला माणूस पावसाळ्यात कुठेच दिसत नाही. निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारा: आठवड्यातला कोणता वार माझा खरोखर मोकळा आहे? आणि माझ्या घरच्यांना तो वार मान्य आहे का?

दोन संघटनांत नवखे नेहमी गल्लत करतात, म्हणून वेगळं सांगते. संत विन्सेंट दी पॉल सोसायटी पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केली. ओझानाम तेव्हा अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. तिचं काम गरजू घरांना भेटी आणि प्रत्यक्ष मदत. लिजन ऑफ मेरी डब्लिनमध्ये १९२१ साली सुरू झाली. तिचे सदस्यही जोडीने घरभेटी करतात, पण भेट प्रार्थनेची आणि सोबतीची असते. पैसे किंवा वस्तू देणं तिच्या नियमांत बसत नाही. तेव्हा लिजनमध्ये जाऊन "आपण यांना तांदूळ का देत नाही?" असा वाद घालू नका. तांदूळ द्यायचे तर दुसऱ्या दारात जा.

५. वाचक व्हायचं असेल तर

दिसायला सोपं, करायला अवघड. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात आणि रोजच्या मिस्सेची दोन वर्षांच्या. त्यामुळे "मागच्या वर्षी हेच वाचलं होतं" हे रविवारी सहसा खरं नसतं. उतारा आठवडाभर आधी मागून घ्या आणि घरी मोठ्याने वाचा. पेन्टेकॉस्टच्या रविवारी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतल्या पार्थी, मेदी, एलामी, फ्रुगिया, पंफुलिया या नावांच्या रांगेवर भलेभले अडखळतात.

- लाल अक्षरांतल्या सूचना आणि "पहिले वाचन" हे शीर्षक वाचायचं नसतं.
- माइक आधी तपासा. वाचन सुरू झाल्यावर टकटक करू नका.
- वाचन ग्रंथातून करा, मोबाइलवरून नको.
- संत पौलाची वाक्यं लांबलचक असतात. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने खूण करायची ती तुमच्या प्रतीवर, चर्चच्या ग्रंथावर नाही.

बायका वाचन करत आल्या त्याला कित्येक वर्षं झाली. वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांवर रीतसर नेमणूक मात्र फक्त पुरुषांची होत असे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये ती अट काढली. कुणी अजून जुनाच नियम सांगत असेल तर नम्रपणे हे दाखवून द्या.

वाचकांची खरी निकड पवित्र सप्ताहात असते. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण विधीत जुन्या करारातलीच ७ वाचनं ठेवलेली आहेत; काही ठिकाणी ती कमी करतात. त्या रात्रीसाठी हात वर करणारा माणूस संयोजकाच्या कायम लक्षात राहतो.

६. घरभेटी आणि मदत

माझा जीव याच कामात आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळते.

विन्सेंट दी पॉलची बैठक साधारण दर आठवड्याला असते. प्रार्थना, मागच्या भेटींचा अहवाल, नव्या अर्जांवर चर्चा, आणि मग एक थैली फिरते. तिच्यात कुणी किती टाकलं हे शेजारच्यालाही कळत नाही. तुम्ही नवे असाल तर थैलीवर घाबरू नका. मूठ रिकामी असली तरी हात घालून काढता येतो, आणि ती पद्धत त्यासाठीच आहे.

भेटीला नेहमी दोघांनी जायचं. एकटं जाऊ नका, गणवेशातल्या पथकासारखे सहाजणही जाऊ नका. शक्यतो आधी कळवा. जेवणाच्या वेळी जाऊ नका, कारण घरात काही नसलं तरी ती माणसं तुमच्यासाठी चहा टाकतील आणि दूध उसनं आणतील. पहिल्या भेटीत काही कबूल करू नका. "बैठकीत सांगतो" एवढंच म्हणा, आणि सांगितल्यावर उत्तर घेऊन परत जा, नकार असला तरी. नकार द्यायला कुणी फिरकलंच नाही, तर ते घर पुन्हा मागायला धजत नाही.

रोख पैसे शक्यतो टाळा. फी शाळेत भरा, औषधांचं बिल दुकानात द्या, किराणा ठरलेल्या दुकानातून द्या. पावती घ्या आणि फाइलला लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, महिन्याचं रेशन देऊन थांबू नका. त्या घराला सरकारकडून काय मिळू शकतं ते आधी बघा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांना हक्काची रक्कम मिळत नाही, कारण अर्ज भरायला कुणी सोबत गेलेलं नसतं. तीन योजना तोंडपाठ ठेवा:

- संजय गांधी निराधार अनुदान योजना: ६५ वर्षांखालच्या निराधार व्यक्ती, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी. अर्ज तहसील कार्यालयात.
- श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना: ६५ आणि त्यापुढच्या निराधार वृद्धांसाठी. तिथेच अर्ज.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: यादीतल्या रुग्णालयांत ठरलेल्या उपचारांसाठी. रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, आणि शक्यतो दाखल होण्याआधी भेटा.

यांसाठी सहसा लागणारे कागद: रेशन कार्ड, आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, विधवेसाठी पतीच्या मृत्यूचा दाखला आणि दिव्यांगासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. हे दाखले आपले सरकार सेवा केंद्रातून काढता येतात. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे पहिल्याच दिवशी ताडून बघा. "मेरी", "मारी" आणि "मरियम" ही एकाच बाईची तीन नावं तीन कागदांवर निघतात, आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर चौथंच असतं. पेन्शन सुरू झाल्यावर दर वर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका. तो राहिला की पैसे थांबतात आणि म्हाताऱ्या माणसाला वाटतं, सरकारने बंद केले.

फोटो काढू नका. ख्रिसमसच्या पिशव्या हातात दिलेल्या माणसांच्या रांगेचा फोटो पॅरिशच्या ग्रुपवर टाकायची जी खोड लागली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तयच्या सहाव्या अध्यायात लिहिलंय. इथे अख्ख्या तालुक्याला कळतं.

मदत फक्त कॅथोलिकांना करायची का? नाही. घर कुणाचं का असेना, गरज बघायची. इतर धर्माच्या घरी मात्र एक पथ्य कडक पाळा: मदतीसोबत प्रार्थना, पत्रक, चर्चला यायचं निमंत्रण, यांतलं काहीही जोडायचं नाही. मदत घेणाऱ्या माणसाला "नाही" म्हणणं जमत नसतं, म्हणून त्याला त्या पेचात टाकणं चुकीचं आहे. शिवाय त्यातून गैरसमज होऊन पोलीस चौकीपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

७. आजाऱ्यांकडे जाताना

सोबत म्हणून जायला कोणीही जाऊ शकतं. ख्रिस्तशरीर घेऊन जाणं मात्र विशेष सेवकांचं काम आहे. प्रापंचिकांना ही परवानगी १९७३ पासून आहे, पण त्यासाठी प्रशिक्षण आणि रीतसर नेमणूक लागते, आणि ती सहसा ठरावीक मुदतीची असते. ख्रिस्तशरीराची डबी घेऊन निघालात की थेट त्या घरी जा. वाटेत भाजी नाही, गप्पा नाहीत.

घरच्यांना आधी सांगून ठेवा: स्वच्छ टेबल, पांढरं कापड, मेणबत्ती, प्यायचं पाणी. कम्युनियनआधी (ख्रिस्तशरीर घेण्याआधी) तासभर काही न खाण्याचा नियम आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना लागू नाही. हे न कळल्यामुळे मधुमेहाच्या आजी सकाळपासून उपाशी बसलेल्या असतात.

रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार) फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. लोक त्याला अजून "शेवटचा संस्कार" समजतात आणि शुद्ध हरपेपर्यंत फादरांना बोलावत नाहीत, कारण फादर आले की पेशंट घाबरेल. हा संस्कार गंभीर आजाराच्या सुरुवातीला किंवा मोठ्या ऑपरेशनआधीही घेता येतो. तुम्ही घरात जाता, तुम्हाला तब्येत दिसते. वेळेवर फादरांच्या कानावर घालणं ही तुमची जबाबदारी.

८. मुलांसोबत काम करायचं असेल तर

धर्मशिक्षणाला शिक्षक कायम कमी असतात, तेव्हा तुमचं स्वागतच होईल. फादरांची परवानगी आणि धर्मप्रांताचं प्रशिक्षण घ्या, आणि काही नियमांना मुरड घालू नका. बंद खोलीत एका मुलासोबत एकटं थांबायचं नाही. मुलांना खासगी मेसेज करायचे नाहीत. निरोप पालकांच्या ग्रुपवर. सहलीला पालकांची लेखी संमती हवी आणि सोबत किमान दोन मोठी माणसं.

लैंगिक छळाची शंका कानावर आली तर "आधी आपापसात बघू" हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. फादरांना सांगा, पण फादरांना सांगितलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही.

९. पैशांना हात लावण्याआधी

दानपेटी मोजायला एकटं बसू नका. किमान दोघं, तक्त्यावर दोघांच्या सह्या, आणि रक्कम त्याच दिवशी ऑफिसात. "उद्या बँकेत भरतो" म्हणून पाकीट घरी नेऊ नका, तुम्ही कितीही सरळ असलात तरी. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणं चर्चच्या कायद्याने आवश्यक आहे, तेव्हा हिशेब कुणाला द्यायचा हे तिला विचारा. धर्मग्राम परिषद वेगळी. ती सल्ला देते. तिथे जायची घाई करू नका. आळीतल्या कामाची माहिती नसलेला सभासद बैठकीत फक्त पार्किंगवर बोलतो.

१०. सेवा आणि स्वतःची भक्ती

सेवेत असलेल्या माणसाची मिस्सा चुकते, ही विचित्र पण खरी गोष्ट आहे. गायनवृंदातला प्रवचनात पुढचं गाणं शोधत असतो, सजावटवाली फुलं मोजत असते, मोजणीवाला कम्युनियननंतर मागच्या दाराने निघतो. यावर उपाय म्हणजे महिन्यातून एका रविवारी कोणतंही काम घेऊ नका. बाकावर बसा, घरच्यांसोबत. भेटीला निघण्याआधी जोडीदारासोबत दोन मिनिटं शांत बसा. परतताना त्या घराचं नाव घेऊन एक प्रार्थना. मोठी साधना जमली नाही तर एवढं पुरतं.

घरच्यांची नाराजी आली तर ती ऐकून घ्या. वर्षातून एकदा, शक्यतो उपवासकाळात, पापनिवेदनाला जाल तेव्हा सेवेतला अहंकारही बोलून टाका. "माझ्याशिवाय चालत नाही" हा रोग पॅरिशमध्ये फार पसरलेला आहे.

११. काम सोडताना

तुम्ही बदली होऊन जाल, थकाल, किंवा मूल होईल. सोडणं चुकीचं नाही, न सांगता गायब होणं चुकीचं. शक्य असेल तर दोन महिने आधी सांगा आणि नव्या माणसाला सोबत नेऊन ती घरं दाखवा. आजीबाईंना नवा चेहरा एकट्याने येऊन चालत नाही. मग चाव्या, पावतीपुस्तकं, कुटुंबांच्या फायली, ग्रुपचं ॲडमिनपद आणि शिल्लक रक्कम यांची यादी करा, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत पॅरिश ऑफिसात ठेवा. मदत घेणाऱ्या घरांच्या आधार-रेशनच्या छायाप्रती तुमच्या मोबाइलमध्ये असतील, त्याही पुसून टाका.